घटसर्प, फऱ्या आणि डीएचपीपीआय

पहिल्या दिवशी माझ्या हातात आलेलं कार्ड एका लॅब्रेडॉरच्या पिल्लाचं होतं. त्यावर लिहिलेलं: 'बीएआर. टी १०१.८. एमएम पिंक. डीएचपीपीआय-एल दिली, एससी. आरव्ही चार आठवड्यांनी.' मी डॉक्टर मॅडमना विचारलं, "हा बार कोण?" मॅडम माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. हसल्या नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. म्हणाल्या, "काका, ब्राइट, अलर्ट, रिस्पॉन्सिव्ह."

म्हणजे जनावर हुशारीत आहे. माण तालुक्यातला कुठलाही शेतकरी गाय खोड्यात घालताना हेच सांगतो: "डॉक्टर, हुशारीत हाय, पण चारा सोडलाय." इंग्रजीत तीन शब्दांची तीन अक्षरं केली, एवढंच.

मी १९८३ ते २०१९ अशी छत्तीस वर्षं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात व्रणोपचारक होतो. हा शब्द फक्त नेमणुकीच्या आदेशात आणि पगारपत्रकात असायचा. लोक 'ड्रेसर' म्हणत, काही जण 'कंपाउंडर', आणि बाया सरळ 'डॉक्टर' म्हणत. निवृत्तीनंतर मुलाकडे पुण्याला आलो, रिकामं बसवेना, म्हणून कुत्र्या-मांजरांच्या एका लहान खासगी दवाखान्यात मदतीला लागलो. म्हशीची शीर डोळे मिटून सापडवणारा माणूस अठ्ठावन्नाव्या वर्षी परत बिगरीत बसला. दोनशे पानी वही आणली आणि अक्षरं उतरवत गेलो. हळूहळू लक्षात आलं की या अक्षरांना वय आहे. काही दोन हजार वर्षांची आहेत, काही माझ्या धाकट्या भावापेक्षाही लहान.

आमच्या धंद्याचं सगळ्यात जुनं नाव मी आजोबांच्या तोंडून ऐकलेलं. ते पलटणीत घोड्यांकडे होते आणि घोड्याच्या वैद्याला 'सालोत्री' म्हणत. घोड्यांच्या वैद्यकाचा आद्य आचार्य मानलेला शालिहोत्र, त्याच्या नावाची ही झिजून राहिलेली चकती. इंग्रजांनी घोडदळात हाच शब्द वापरात ठेवला. त्यांना गाई-म्हशींचं सुरुवातीला काही पडलं नव्हतं. तोफा ओढायला आणि स्वार बसवायला घोडं लागायचं. पुण्यात १८६२ मध्ये पशुवैद्यकाची शाळा निघाली तीही लष्कराचीच. गुरांकडे लक्ष गेलं ते गुरं मरायला लागली आणि नांगर थांबून सारा बुडायला लागला तेव्हा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं, आणि १८८६ मध्ये तिथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आमचे जुने डॉक्टर तिथून शिकून आलेले. 'मी परळचा' हे ते असं सांगत, जसं कुणी 'मी पेशव्यांच्या पदरचा' सांगावं.

पुण्याचा आणखी एक मान बहुतेक पुणेकरांना ठाऊक नसतो, याचं मला नवल वाटतं, कारण ते सहसा कुठला मान सोडत नाहीत. जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी देशातली पहिली सरकारी प्रयोगशाळा १८८९ मध्ये इथल्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये सुरू झाली, म्हणजे पुढे ज्याचं इंजिनिअरिंग कॉलेज झालं तिथे. पण अत्यंत सांसर्गिक रोगाचं काम भर वस्तीत करणं धोक्याचं, म्हणून १८९३ मध्ये तिला कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवलं. रॉबर्ट कॉख १८९७ मध्ये तिथे जाऊन आला. हे सगळं ज्या एका रोगासाठी चाललं होतं त्याचं नाव बुळकांडी.

या नावापाशी मी थोडा थांबणार आहे. आमच्या दवाखान्यातल्या रिसेप्शनवरच्या मुलीला मी विचारलं, "बुळकांडी ऐकलंयस का?" तिला ती भाजी वाटली.

बुळकांडीत आधी ताप, मग डोळ्यांतून-नाकातून पाणी, तोंडात कोंडा लावल्यासारखे व्रण, लाळ, आणि मग पिचकारीसारखे जुलाब. सात-आठ दिवसांत गोठा रिकामा. ज्याने हे नाव ठेवलं त्याने विषाणू पाहिला नव्हता, जनावराची मागची बाजू पाहिली होती. मुक्तेश्वरला १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्सने हा विषाणू शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा फिरवून मवाळ केला आणि त्याची लस बनवली. आमच्या खिल्लार जनावरांना ती मानवायची, संकरित गाईंना मात्र कधी कधी चांगलीच बाधायची. पुढे पेशींवर वाढवलेली सौम्य लस आली. देशव्यापी मोहीम १९५४ पासून चालू होती. मी नोकरीला लागलो तेव्हाही बर्फ घातलेला थर्मास सायकलच्या हँडलला अडकवून आम्ही वाड्यावस्त्यांवर जात होतो.

मग एक विचित्र काळ आला. भारतातला शेवटचा उद्रेक १९९५ चा. त्यानंतर हुकूम आला: लस टोचायची नाही, फक्त शोधायचं. रोग खरोखर गेला हे जगाला सिद्ध करायचं तर लस थांबवून वाट बघावी लागते. आम्ही गावोगाव फिरायचो, पारावर बसून विचारायचो, "डोळ्याला पाणी, तोंडात फोड, जुलाब, असं एखादं जनावर?" आणि फॉर्मवर लिहायचो 'निरंक'. परत दुसऱ्या गावात 'निरंक'. लोक म्हणायचे, ह्यांना सरकार फुकट पगार देतं. २०११ मध्ये सगळ्या जगातून हा रोग नाहीसा झाल्याचं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. त्या दिवशी मी दवाखान्यात एका बैलाच्या खांद्याच्या आवाळूला मलम लावत होतो. कुणी पेढे वाटले नाहीत.

नव्या दवाखान्यात तपासणीत काही निघालं नाही की कार्डावर 'एनएडी' लिहितात: नो अबनॉर्मॅलिटी डिटेक्टेड. माझ्या वहीत त्यापुढे एकच शब्द आहे, निरंक.

गावाकडच्या रोगांची नावं सगळी अशी डोळ्यांनी ठेवलेली. फरा म्हणजे जनावराची मांडी. ती सुजली, दाबल्यावर चरचर वाजली, की फऱ्या. गंमत म्हणजे इंग्रजांनीही तेच पाहून तेच नाव ठेवलं, ब्लॅक क्वार्टर, आणि रजिस्टरात ते 'बीक्यू' झालं. लाळ गळते आणि खुरं कुजतात म्हणून लाळ-खुरकूत, इंग्रजीत एफएमडी. घशाला सूज येऊन श्वास घुरघुरतो तो घटसर्प, म्हणजे 'एचएस'. इथे मात्र आमच्या नावाचा एक खोडा आहे. माणसांच्या मुलांना होणाऱ्या डिप्थेरियालाही मराठीत घटसर्पच म्हणतात. दोन्हींचे जिवाणू वेगळे, लशी वेगळ्या. एकदा एक आई धावत आमच्याकडे आली. शाळेत घटसर्पाची लस देणार म्हणतात, ती तुमच्याच बाटलीतली का? बाटली दाखवली. तेलकट, घट्ट, दुधासारखी पांढरी. पावसाळ्याआधी ती टोचताना सोळा नंबरच्या सुईतूनही अंगठा दुखून यायचा. बाईंना पटलं.

आता 'लस' हा शब्दच घ्या. जखमेतून, फोडातून जे चिकट पाणी येतं ते आपल्याकडे लस. एकाच्या हातावरच्या फोडातलं पाणी दुसऱ्याच्या हातावर टोचायचं, ही देवीच्या लसीकरणाची मूळ पद्धत. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली, आणि हिंदुस्थानात पुढे गेली ती तिच्या दंडावरून. इंग्रजी 'व्हॅक्सिन'मध्ये तर चक्क लॅटिन गाय बसली आहे, कारण जेन्नरने ते पाणी घेतलं गाईच्या देवीचं. म्हणजे माणसांच्या डॉक्टरांनी हा शब्द आमच्या गोठ्यातून उसना नेलाय. परत करायला अजून कुणी आलेलं नाही.

कुत्र्यांच्या दवाखान्यात आलो आणि ही डोळ्यांनी ठेवलेली नावं संपली. कार्डावर उरली एक अक्षरांची आगगाडी, डीएचपीपीआय-एल. मी ती डबा डबा सोडवून पाहिली.

पहिलं 'डी', डिस्टेंपर. पिल्लाचे डोळे चिकटतात, नाकातून शेंबूड, खोकला, जुलाब, आणि बरं वाटतंय म्हणता म्हणता जबडा थडथड उडायला लागतो, झटके येतात. या रोगाचं बारकाईनं वर्णन करून तो पिसाळण्यापेक्षा वेगळा आहे हे १८०९ मध्ये सांगणारा माणूस तोच, गाईच्या देवीवाला जेन्नर. तो विषाणूमुळे होतो हे आँरी कारे या फ्रेंच पशुवैद्याने १९०५ मध्ये दाखवलं, पण कुणी मानायला तयार नव्हतं. मग १९२० च्या दशकात इंग्लंडातल्या शिकारी लोकांनी आपले शिकारी कुत्रे मरतात म्हणून 'द फील्ड' या नियतकालिकातर्फे निधी गोळा केला, आणि लंडनजवळ मिल हिलला लेडलॉ आणि डंकिन यांनी काम सुरू केलं. त्यांना आढळलं की फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्याला हा रोग झटकन होतो. लस निघाली. त्याच मिल हिलला १९३३ मध्ये त्याच फेरेटांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू पकडून दिला. साहेबाच्या कोल्ह्याच्या शिकारीतून माणसाच्या फ्लूचा माग लागला, हे मला अजून पचत नाही. आणखी एक गोष्ट: डिस्टेंपरचा विषाणू, बुळकांडीचा विषाणू आणि माणसाचा गोवर, तिघं सख्खी भावंडं. हे मॅडमनी सांगितलं तेव्हा मला उगीचच ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

'एच' म्हणजे यकृताची कावीळ. स्वीडनच्या रुबार्थने १९४७ मध्ये तिचं नीट वर्णन केलं. सुरुवातीच्या लशीने काही कुत्र्यांचे डोळे निळसर धुरकट व्हायचे, म्हणून आता तिच्या चुलत विषाणूची लस देतात, तीही दोघांना पुरते. दुसरा 'पीआय' आणि शेवटचा 'एल' यांच्यासाठी फार वेळ घालवत नाही. पीआय खोकल्याचा. एल म्हणजे लेप्टो, उंदराच्या मुतातून येणारा, माणसालाही होणारा. मुंबईकरांना २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तो चांगलाच कळला.

पण मधला 'पी'! पार्व्हो. हे अक्षर माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान आहे. १९७८ च्या आधी जगात कुणाही डॉक्टरने हा रोग कुत्र्यात पाहिलेला नव्हता. मांजरांच्या एका जुन्या विषाणूशी जवळचं नातं असलेला हा नवा विषाणू दोन वर्षांत सगळ्या खंडांवर पोचला. पेपर नाही, मोहीम नाही, कुत्र्याच्या विष्ठेतून माणसांच्या चपलांना लागून. पार्व्होच्या जुलाबाला एक वास असतो. सडकं रक्त, थोडं गोडूस. एकदा नाकात बसला की दवाखान्याच्या दारातूनच कळतं. चाचणी नंतर होते. हा वास कुठल्या कार्डावर कुठल्याच अक्षरात लिहीत नाहीत.

पिल्लांना तीच लस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा पुन्हा का, हे सांगताना शहरातले लोक हमखास वैतागतात. बिल दिसतं ना. मॅडम 'मॅटर्नल अँटिबॉडीज' समजावतात. मी मध्ये तोंड घालतो: "ताई, खरवस कशाचा करतात? चिकाचा. आईच्या चिकातून पिल्लाला राखण मिळते. पण तीच राखण आपल्या लशीलाही शत्रू समजून मारून टाकते. ती राखण कधी संपेल ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळाव्यापर्यंत दार ठोठावत राहायचं." कोथरूडमध्येही खरवस सगळ्यांना कळतो.

राहिलं एक अक्षर, 'आरव्ही'मधला 'आर', म्हणजे रेबीज, पिसाळणं. यावर मी जरा लांबण लावणार, आणि त्याला माझं स्वतःचं कारण आहे.

मुंबईत १८३२ मध्ये सरकारने भटकी कुत्री मारायचा हुकूम काढला. कुत्रा पवित्र मानणारे पारशी रस्त्यावर उतरले. शहर बंद पडलं, लष्कर आणावं लागलं. पिसाळलेल्या कुत्र्यावर तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. तो ६ जुलै १८८५ ला पॅरिसमध्ये मिळाला, जेव्हा पाश्चरने जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या पोराला टोचलं. आपल्याकडे १९०० मध्ये कसौलीला पाश्चर इन्स्टिट्यूट निघाली. तिथे डेव्हिड सेम्पलने १९११ मध्ये मेंढीच्या मेंदूपासून लस बनवली, आणि गरीब देशांना ती पुढे जवळजवळ शतकभर पुरली. पोटातली चौदा इंजेक्शनं म्हणजे तीच.

मी ती घेतली आहेत. १९८७ चा पावसाळा. एका वस्तीवरची म्हैस चारा खाईना, लाळ गाळत होती, घोगरं ओरडत होती. मालक म्हणाला, "घशात काहीतरी अडकलंय." मला अक्कल नव्हती, मी बाही वर करून हात कोपरापर्यंत घशात घातला. काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी म्हैस दावं तोडून भिंतीला धडका देत मेली, आणि आमचे परळचे डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. आमच्या धंद्यात पिसाळण्याची सर्वांत मोठी फसवणूक हीच. गाई-म्हशी चावत सुटत नाहीत. घशात काही अडकल्यासारखं सोंग करतात. मग मी चौदा दिवस एसटीने जाऊन सरकारी दवाखान्याच्या रांगेत उभा राहिलो. रोज बेंबीच्या आजूबाजूला नवी जागा शोधायची. आठव्या दिवसानंतर जागा उरली नव्हती. मेंदूच्या लशीने क्वचित माणूस लुळा पडतो, हे मला माहीत होतं आणि बायकोला नव्हतं. ती लस देशात बनवणं २००४ च्या अखेरीस बंद झालं. आज दंडात टोचतात, आणि आमच्या दवाखान्यातल्या प्रत्येकाने आधीच घेतलेली आहे. कामाला लागताना मॅडमनी सगळ्यात आधी माझं कार्ड काढलं. त्यावर 'आरव्ही' लिहिलं. कुत्र्याच्याच कार्डावर, दुसरं छापलेलं नव्हतं.

लॅटिनचा छळ वेगळाच. दिवसातून दोनदा म्हणजे 'बीआयडी', तीनदा 'टीआयडी', तोंडाने 'पीओ', कातडीखाली 'एससी', तोंडाला काही लावायचं नाही 'एनपीओ'. ही रोमन वैद्यांची झूल साऱ्या जगातल्या औषधचिठ्ठ्यांवर अजून आहे. पण एक अक्षरत्रय फक्त जनावरांच्या डॉक्टरांत चालतं: 'एसआयडी', दिवसातून एकदा. माणसांचे डॉक्टर 'ओडी' लिहितात. एका औषधाच्या दुकानात आमची चिठ्ठी गेली, घाईत लिहिलेल्या 'एस'ची शेपटी जरा वळलेली. दुकानदाराला तो 'क्यू' वाटला, आणि त्याने पाकिटावर लिहून दिलं दिवसातून चार वेळा. गोळी प्रेडनिसोलोनची. बीगलची आजी शहाणी, तिने पहिल्याच दिवशी संध्याकाळी फोन केला: "अहो, हा सारखा पाणी पितोय." तेव्हापासून आमच्याकडे डोस अक्षरात लिहीत नाहीत. 'रोज सकाळी एक' असं मराठीत लिहितात, आणि ते काम माझ्याकडे आहे. छत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत माझ्या अक्षराचं कुणी कौतुक केलं नव्हतं.

कागदाबाहेरही लघुलिपी असतेच. गाईच्या कानातला पिवळा बिल्ला, बारा आकडी. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाला दिलेली छोटी खाच: नसबंदी झाली, लस टोचली, जिथून उचलला तिथे सोडला. पालिका विष घालून मारायच्या त्याऐवजी हा रस्ता २००१ च्या नियमांनी आला. आमच्या गल्लीतल्या तांबूला ती खाच आहे. सोसायटीतले लोक म्हणायचे, भांडणात कान फाटलाय. मी त्यांना वाचून दाखवलं.

परवा रिसेप्शनवरच्या मुलीने माझी वही मागून घेतली. तिला आता पशुसंवर्धनाच्या पदविकेची तयारी करायची आहे. बाप बार्शीचा, घरी चार म्हशी. ती माझी सगळी इंग्रजी अक्षरं उलट बाजूनं उतरवत होती: फऱ्या म्हणजे बीक्यू, घटसर्प म्हणजे एचएस. मॅस्टायटिसला मी कासदाह लिहिलेलं, ते तिने खोडून 'दगडी' केलं. म्हणाली, "बाबा असंच म्हणतात." एका ओळीपाशी थांबली. "काका, बुळकांडीपुढे काय लिहू? इंग्रजी अक्षरं नाहीत हिला?"

आहेत, 'आरपी', रिंडरपेस्ट. मी सांगितलं, तिने लिहिलं. मग शेजारच्या लशीच्या रकान्यात पेन टेकवून माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, निरंक लिही. तेवढ्यात दार उघडून एक पामेरियन आत आलं, मालकिणीच्या कडेवर, मलूल, आणि तिला वजनकाटा पुसायला उठावं लागलं.